काशीतल्या एंजिनाची वंशावळ

काशीस गेलेल्या मराठी यात्रेकरूची आपल्या पूर्वजांशी गाठ पडते ती क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत. कोणत्या गावचा, कोणत्या कुळातला, कोणाचा पणजा कोणत्या साली गंगास्नानास आला होता, याची नोंद त्या जुन्या बाडांत सापडते आणि वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास आलेले गागाभट्ट काशीचे. पण त्यांचे घराणे मूळ पैठणचे. विश्वेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. अशा या वंशावळींच्या नगरीत, तिच्या दक्षिण टोकाला असलेल्या हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात, १९४७ पासून पन्नासहून अधिक वर्षे एक लढाऊ विमान उभे होते. त्याची वंशावळ मात्र कोणत्याही वहीत लिहिलेली नव्हती.

विमान इंग्रजी बनावटीचे होते. जात हरिकेन, क्रमांक आर-४११८. त्याला जोडलेले एंजिन रोल्स-रॉईस कंपनीचे, ‘मर्लिन’ नावाचे. मर्लिन हा ससाण्याच्या कुळातला एक लहानसा शिकारी पक्षी. ही कंपनी आपल्या विमान-एंजिनांना अशा पक्ष्यांचीच नावे देत असे. विमान इंग्लंडचे, एंजिन इंग्लंडचे आणि लढाई जर्मनीशी. तेव्हा या यंत्राचा इतिहास इंग्लंडात सुरू होऊन इंग्लंडातच संपावा, असे कोणालाही वाटेल. परंतु यंत्रांची कुळे राष्ट्रांच्या सीमा पाळीत नाहीत. मर्लिनच्या पूर्वजांचा माग काढू लागले, की वाट थेट जर्मनीत, पहिल्या महायुद्धापूर्वीच्या स्टुटगार्ट आणि मॅनहाइम येथील कारखान्यांत जाऊन पोहोचते.

नळकांड्यात इंधनाचा स्फोट घडवायचा, त्या स्फोटाने दट्ट्या ढकलायचा आणि दट्ट्याच्या ये-जा करण्यातून दांडा फिरवायचा, हे पिस्टन एंजिनाचे सारे रहस्य. १८७६ साली निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने चार टप्प्यांत चालणारे असे एंजिन यशस्वी करून दाखविले. पुढे गॉटलीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ च्या सुमारास ते हलके, वेगवान आणि पेट्रोलवर चालणारे केले. मोटारगाडीला एवढे पुरेसे होते. मोटारीचे एंजिन जड झाले तर गाडी सावकाश चालेल. विमानाचे जड झाले तर विमान जमीनच सोडणार नाही. १९०३ साली राइट बंधूंनी जे विमान उडविले, त्याच्या एंजिनाची शक्ती अवघी बारा अश्वशक्तीच्या आसपास होती. तेव्हापासून पुढची चाळीस वर्षे विमान-एंजिनाच्या प्रत्येक कारागिरापुढे एकच प्रश्न होता: एका अश्वशक्तीमागे वजन किती?

जर्मनीत या प्रश्नाला राज्यकर्त्यांनीच चालना दिली. कैसर दुसरा विल्हेल्म याने सर्वोत्तम जर्मन विमान-एंजिनासाठी पन्नास हजार मार्कांचे बक्षीस जाहीर केले आणि २७ जानेवारी १९१३ रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, त्याचा निकाल लागला. पहिला क्रमांक बेन्झ कंपनीच्या शंभर अश्वशक्तीच्या, चार नळकांड्यांच्या एंजिनाने पटकावला. डाइम्लरचे एंजिन दुसरे आले. हे बक्षीस हौशी वैमानिकांच्या कौतुकासाठी लावलेले नव्हते. फ्रान्सच्या विमानांची वाढती कीर्ती जर्मन सेनापतींना अस्वस्थ करीत होती. पुढच्याच वर्षी युद्धाला तोंड फुटले आणि या दोन्ही कारखान्यांची एंजिने रणांगणावर गेली.

त्यांपैकी डाइम्लरच्या मर्सिडीज एंजिनांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी मोटारीच्या एंजिनाची नळकांडी ओतीव बिडाची असत आणि तिच्या भोवतीचा पाण्याचा कप्पाही बिडाचाच. बीड स्वस्त खरे, पण फार जड. मर्सिडीजच्या कारागिरांनी प्रत्येक नळकांडे स्वतंत्र, पोलादाचे, कातून काढलेले असे केले. त्याच्याभोवती पातळ पोलादी पत्र्याचे कवच सांधले आणि त्या दोहोंमधल्या पोकळीतून थंड पाणी खेळविले. झडपा उघडझाप करणारा दांडा नळकांड्यांच्या माथ्यावर बसविला. अशी सहा नळकांडी एका रांगेत उभी करून १९१४ च्या सुमारास ‘मर्सिडीज डी-३’ हे १६० अश्वशक्तीचे एंजिन तयार झाले. ते मिनिटाला सुमारे चौदाशे फेरे घेई. अल्बाट्रॉस आणि फोकर जातींची जी विमाने फ्रान्सच्या आकाशात दरारा गाजवीत होती, त्यांतील पुष्कळांच्या नाकात हेच एंजिन घुमत असे.

दुसरी अडचण उंचीची होती. विमान जसजसे वर जाते तसतशी हवा विरळ होते, नळकांड्यात प्राणवायू कमी पोहोचतो आणि एंजिनाचा दम उखडतो. १९१७ साली म्यूनिकच्या माक्स फ्रिट्झ या तंत्रज्ञाने त्यावर एक युक्ती काढली. त्याने एंजिनातील दाब मुद्दाम जास्त ठेवला आणि जमिनीजवळ त्याला पूर्ण घास द्यायचा नाही, उंचावर गेल्यावरच द्यायचा, अशी कार्ब्युरेटरची व्यवस्था केली. ‘बी.एम.डब्ल्यू. ३-ए’ या नावाने ते एंजिन प्रसिद्धीस आले. ते बसविलेले फोकर डी-७ विमान विजेत्या दोस्तांना इतके धास्तीचे वाटले, की नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदीच्या अटींत या एका विमानाचा नावानिशी उल्लेख करून ती सारी विमाने ताब्यात मागितली गेली.

या जर्मन कारागिरीचा इंग्लंडशी संबंध जुळला तो एका मोटारीमुळे. ४ जुलै १९१४ रोजी फ्रान्समधील लियाँ येथे मोटारींची मोठी शर्यत झाली. तिच्यात पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही क्रमांक मर्सिडीज गाड्यांनी मिळविले. या गाड्यांची एंजिने विमान-एंजिनाच्याच धर्तीवर, स्वतंत्र पोलादी नळकांड्यांची होती. महिन्याभरात युद्ध सुरू झाले, तेव्हा यांपैकी एक गाडी लंडनमधील लाँग एकर रस्त्यावरच्या दुकानात प्रदर्शनासाठी ठेवलेली होती. डब्ल्यू. ओ. बेंटली हा तरुण तंत्रज्ञ नौदलाच्या विमानखात्यासाठी काम करीत होता. तो ही गोष्ट जाणून होता. त्याच्या खटपटीने ती गाडी डर्बीच्या रोल्स-रॉईस कारखान्यात नेण्यात आली आणि तेथील तंत्रज्ञांनी तिचे एंजिन उतरवून सुटे केले.

त्याच काळात हेन्री रॉईस आपल्या पहिल्या विमान-एंजिनाची आखणी करीत होते. ‘ईगल’ नावाचे ते एंजिन १९१५ च्या आरंभी प्रथम फिरले. बारा नळकांडी, सहा-सहांच्या दोन रांगांत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी कललेली. प्रत्येक नळकांडे स्वतंत्र, पोलादाचे. भोवती पत्र्याचे सांधलेले कवच. आणि झडपांचा दांडा माथ्यावर. मर्सिडीजशी त्याचे साम्य डोळ्यांत भरते. रॉईस यांनी नक्कल मात्र केली नाही. मांडणी त्यांची स्वतःची होती, दट्ट्ये ॲल्युमिनियमचे होते आणि काटेकोरपणा असा, की पुढे याच एंजिनाची शक्ती सव्वादोनशेवरून साडेतीनशे अश्वशक्तीच्या वर गेली. जून १९१९ मध्ये अल्कॉक व ब्राऊन यांनी अटलांटिक महासागर न थांबता ओलांडला तो दोन ईगल एंजिनांच्या बळावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात रॉस व कीथ स्मिथ हे बंधू इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला तशाच विमानाने निघाले, तेव्हा वाटेत कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता येथे उतरले. म्हणजे मर्लिनचा हा आजा काशीच्या शेजारी गंगाकाठी आधीच येऊन गेला होता.

ईगलनंतरची पिढी ‘केस्ट्रेल’ एंजिनाची. यात अमेरिकेच्या कर्टिस कंपनीचा धडा गिरवून सुट्या नळकांड्यांची पद्धत सोडली गेली. सहा नळकांड्यांची एक रांग ॲल्युमिनियमच्या एकाच ओतीव ठोकळ्यात बसविण्यात आली. केस्ट्रेल वाढवून मर्लिन निघाले. ते १५ ऑक्टोबर १९३३ रोजी प्रथम चालले. रॉईस त्यापूर्वी सहाच महिने, एप्रिलात, निवर्तले होते. मर्लिनच्या बारा नळकांड्यांचे एकूण आकारमान २७ लिटर आणि हरिकेनला लाभलेल्या नमुन्याची शक्ती सुमारे १,०३० अश्वशक्ती. मर्सिडीज डी-३ चे आकारमान होते १४.८ लिटर. एका लिटरमागे जुने एंजिन जेमतेम अकरा अश्वशक्ती देत असे. नवे अडतीसच्या आसपास देऊ लागले. वीस वर्षांतील धातुविद्या, इंधन आणि हवा दाबून भरणारा पंखा, या साऱ्यांची प्रगती या दोन आकड्यांच्या अंतरात सामावलेली आहे.

इतिहासाचा खरा चमत्कार यापुढे आहे. व्हर्साय तहाने जर्मनीला लष्करी विमानदळ ठेवण्याची बंदी केली होती. तीसच्या दशकात हिटलरच्या राजवटीने ती झुगारली, पण नव्या विमानांच्या मानाने जर्मन एंजिने मागे पडली होती. विली मेसरश्मिट यांचे १०९ क्रमांकाचे लढाऊ विमान १९३५ साली तयार झाले, तेव्हा त्याच्यासाठी योजलेले जर्मन एंजिन हाताशी नव्हते. मग पहिल्या नमुन्यात बसविण्यात आले रोल्स-रॉईसचे केस्ट्रेल! अशी काही एंजिने जर्मनीने देऊ केलेल्या एका हाइन्केल विमानाच्या बदल्यात मिळविलेली होती. रोल्स-रॉईसला ते सुबक विमान आपली एंजिने हवेत तपासण्यासाठी हवे होते. पाच वर्षांनी लंडनवर चालून येणारे विमान आपले पहिले उड्डाण करताना इंग्रजी एंजिनाच्या जोरावर उडाले होते. १९१४ साली डर्बीने स्टुटगार्टकडून घेतलेले ऋण अशा रीतीने परत फिरले.

१९४० साली मेसरश्मिटच्या नाकात डाइम्लर-बेन्झचे ‘डी.बी. ६०१’ एंजिन आले होते. कैसरच्या बक्षिसासाठी झगडलेल्या त्या दोन कंपन्या १९२६ साली एक झाल्या होत्या. हे एंजिन बारा नळकांड्यांचेच, पण उलटे टांगलेले. नळकांडी खाली, दांडा वर. त्याचा मोठा गुण असा, की त्यात कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल पंपाने मोजून सरळ नळकांड्यांत फवारले जाई. मर्लिनमध्ये मात्र तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली दाबले, की कप्प्यातले पेट्रोल वर उसळे आणि क्षणभर एंजिनाची घरघर तुटे. जर्मन वैमानिक संकटात सापडला की नेमका तसाच सूर मारी आणि पाठलाग करणारा इंग्रज मागे पडे. या दुखण्यावर फार्नबरोच्या संशोधन-केंद्रातील बिअट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने पेट्रोलच्या वाटेत बसविण्याची एक लहानशी भोकाची चकती सुचविली. १९४१ च्या आरंभी ती विमानांना बसू लागली. पण ब्रिटनचे आकाशयुद्ध तोवर संपले होते. ते युद्ध हरिकेनच्या वैमानिकांनी हा दोष सांभाळूनच लढले.

काशीचे विमान त्यांतलेच एक. ग्लॉस्टर कंपनीच्या कारखान्यात बांधलेले आर-४११८ ऑगस्ट १९४० मध्ये ६०५ क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाले आणि सप्टेंबरात तुकडीबरोबर लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर आले. तेथून त्याने ४९ वेळा लढाईसाठी झेप घेतली. शत्रूची पाच विमाने पाडण्यात त्याचा वाटा असल्याची नोंद आहे. ऑक्टोबरात ते स्वतः जायबंदी झाले, दुरुस्त झाले, पुन्हा एका तुकडीत गेले आणि नंतर नवशिक्या वैमानिकांना शिकविण्याच्या कामी लागले. हरिकेन दिसायला स्पिटफायरइतके देखणे नव्हते. त्याच्या सांगाड्यात धातूच्या नळ्या आणि लाकडी पट्ट्या असत आणि मागच्या अंगावर कापड ताणून बसविलेले असे. पण हीच जुनी पद्धत त्याच्या कामी आली. गोळ्या कापडातून आरपार जात आणि विमान तळावरच ठिगळ लावून पुन्हा उडविता येई. त्या युद्धात स्पिटफायरपेक्षा हरिकेननेच शत्रूची अधिक विमाने पाडली.

१९४३ च्या अखेरीस हे विमान खोक्यांत बंद करून जहाजाने भारताकडे धाडण्यात आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्या वेळी हरिकेनचा मोठा वापर होता. १९४४ साली इंफाळच्या वेढ्यात अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय विमानदळाच्या पहिल्या तुकडीने याच जातीच्या विमानांवर पराक्रम केला. आर-४११८ ला तिकडे जाण्याचा योग आला नाही. युद्ध संपले, शेकडो विमाने निकामी ठरली. बहुतेकांच्या नशिबी भंगाराचा बाजार आला. या एका विमानाची पाठवणी १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी काशी हिंदू विश्वविद्यालयाकडे झाली.

ही जागा योग्यच होती. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली या विश्वविद्यालयाची कोनशिला बसविली गेली तेव्हापासूनच वेदान्ताबरोबर यंत्रविद्येलाही त्यात मान दिला होता. १९१९ साली चार्ल्स किंग यांच्या प्राचार्यत्वाखाली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि यांत्रिकी व विद्युत अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण देशात प्रथम देणाऱ्या संस्थांत त्याची गणना झाली. परक्या देशांतून आणलेली यंत्रे भारतीयांनी नुसती चालवू नयेत, ती उघडून, समजून घेऊन येथे घडवावीत, हा मालवीयांचा हेतू. अशा विद्यालयाच्या दाराशी मर्लिन येणे म्हणजे १९१४ साली डर्बीच्या कारखान्यात मर्सिडीज येण्यासारखेच होते. ओतकाम, कातकाम, मिश्रधातू, झडपांचा मेळ, हवेचा दाब. पुस्तकात चित्ररूपाने असलेले सारे येथे हाताला लागण्यासारखे होते.

परंतु या दोन घटनांत एक मोठा फरक होता. डर्बीला मर्सिडीज मिळाली ती शर्यत जिंकल्यावर लवकरच. काशीला मर्लिन मिळाले ते त्याचे युग सरता सरता. २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीतच हाइन्केल कंपनीचे पहिले जेट विमान उडाले होते. इंग्लंडात फ्रँक व्हिटल यांचे एंजिन १९४१ साली हवेत गेले. १९४८ साली भारतीय विमानदळातही व्हँपायर ही जेट विमाने दाखल झाली. दट्ट्या आणि झडपा यांच्या ऐवजी विद्यार्थ्यांना आता झोताची आणि टर्बाइनची विद्या हवी होती. हरिकेन मग आवाराच्या एका बाजूला उघड्यावर उभे राहिले. काशीचा उन्हाळा आणि पावसाळा त्याच्यावरून गेले. कापड विरले, लाकूड कुजले, आजूबाजूला झुडपे माजली. १९६८ साली महाविद्यालयाचे तंत्रविज्ञान-संस्थेत रूपांतर झाले, तरी ते तेथेच होते.

१९८२ साली पीटर व्हॅकर नावाचे एक इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉईस मोटारींच्या शोधात भारतात हिंडत होते. काशीला त्यांच्या दृष्टीस हे विमान पडले. त्यांनी त्याचा क्रमांक टिपून घेतला, दप्तरे चाळली आणि विमानाचा पूर्वेतिहास उजेडात आला. पुढे अनेक वर्षांच्या वाटाघाटी आणि परवानग्या झाल्या. २००१ साली विमान इंग्लंडला गेले आणि सफोक परगण्यातील कारखान्यात त्याची डागडुजी होऊन २३ डिसेंबर २००४ रोजी ते पुन्हा आकाशात झेपावले. ब्रिटनच्या आकाशयुद्धात प्रत्यक्ष लढलेली आणि एकविसाव्या शतकात उडणारी हरिकेन विमाने अगदी बोटांवर मोजण्याइतकी आहेत; त्यांत हे काशीवासी विमान एक.

ते जाऊ दिले हे बरे झाले की वाईट? ते येथेच राहते तर पुन्हा उडते, असे म्हणवत नाही. त्यासाठी लागणारी कारागिरी आणि पैसा ज्यांच्यापाशी होता, त्यांच्या हाती ते गेले. शिवाय काशीनेच ते जगविले, हेही विसरून चालणार नाही. इंग्लंडात राहिलेली त्याची बहुतेक भावंडे युद्ध संपताच मोडून विकली गेली. येथे ते कोणी मोडले नाही, विकले नाही, सुधारण्याच्या नावाखाली बदललेही नाही. म्हणूनच त्याचे मूळ भाग ओळखण्याजोगे उरले. शिक्षणाची वस्तू म्हणून मिळालेल्या आश्रयानेच त्याला वाचविले.

तरीही एक उणीव जाणवते. ज्याने त्याचा क्रमांक वाचला तो सात हजार किलोमीटरांवरून आला होता. आमच्याकडे यंत्र चालते तोवर त्याचा उपयोग करतात, विजयादशमीला त्याला झेंडूची माळही घालतात; ते थांबले की ते अडगळीत जाते. माणसांच्या सात पिढ्या जपून ठेवणाऱ्या देशाने यंत्रांचे कुळ मात्र लिहून ठेवले नाही. मुंबईच्या गिरण्यांची वाफेची एंजिने, घाटातून धावलेली आगगाडीची एंजिने, किर्लोस्करवाडीचे पहिले नांगर, यांच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहतो. यंत्राची वंशावळ जपायची ती स्मरणरंजनासाठी नव्हे. जर्मन पोलादी नळकांडे डर्बीला शिकवून गेले, डर्बीचे केस्ट्रेल मेसरश्मिटला उडवून गेले. प्रत्येक वेळी पुढे गेला तो, ज्याने समोरचे यंत्र, मग ते शत्रूचे का असेना, उघडून त्याच्या पोटात काय आहे हे पाहिले आणि पाहिलेले टिपून ठेवले. उद्याच्या कारागिराला कालच्या कारागिराची भेट होते ती अशा टिपणांत आणि अशा जपलेल्या यंत्रांत. ती भेट जेथे होते, तेथेच नवे यंत्र जन्माला येते.